चष्म्याच्या खालचं नाक

हे लिहायचंच नाही असं मी ठरवलं होतं. दोनदा मोबाईलवर टाईप केलं अन् दोनदा पुसून टाकलं. कारण सरळ आहे. यातली चूक माही आहे, अन् आपलीच चूक आपल्याच अंगठ्यानं टाईप करायले जीवावर येते.

पण आधी चांगलं सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच घोर लावून बसाल. कमलेशचं नाक शाबूत आहे. सरळ आहे. दोन्ही बाजूनं श्वास चालू आहे. काल दुकानात येऊन त्यानं माह्या तोंडासमोर नाकानं जोरात हवा सोडून दाखवली. काऊंटरवरची पावती उडाली. मले इतकं बरं वाटलं का काय सांगू.

आता पहिल्यापासून.

माहं नाव प्रफुल्ल. लाखनीले हायवेच्या कडेला माहं चष्म्याचं दुकान आहे, दहा बाय आठचं. शिकलो कुठंच नाही. बारावीनंतर नागपूरले एका दुकानात सहा महिने काचा पुसल्या, बाकी सप्पा मोबाईलवर पाहून अन् लोकांचे चष्मे मोडून मोडून शिकलो. डोळे तपासायले महिन्यातून दोनदा डॉक्टर येते. काच बसवणं, फ्रेम वाकवणं, पॅड बदलवणं, हे माहं.

लोकांले वाटते चष्म्याचं काम म्हणजे डोळ्याचं काम. नाही. डोळे डॉक्टरचे, नाक माहं. चष्मा टिकते नाकावर. डोळ्यांच्या मधात दोन लहान हाडं एकमेकाले टेकून उभी असते, घराच्या छपरासारखी, अन् त्या उतारावर पॅड बसते. कोणाचा उतार चपटा, कोणाचा धारदार, कोणाचा लहानपणी पडल्यानं एका बाजूनं दबलेला. हजारेक नाकं तरी माह्या बोटाखालून गेली असतील. त्यामुळं लोक म्हणते, "प्रफुलले नाकाचं समजते." खोटं कायले बोलू, मले बी तसंच वाटे.

कमलेश माह्याच गावचा, लाखनीपासून सहा किलोमीटर. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो. त्याच्या घरी धानाची शेती. गावात सगळ्यांयनं बैल विकले, ट्रॅक्टर लावले, पण त्याचे वडील बाबूलालकाका ऐकत नाही. त्यांच्या कोठ्यात अजून एक जोडी आहे. पोळ्याच्या सकाळी बैलाची जुनी वेसण काढून नवी घालाची असते. वेसण म्हणजे बैलाच्या नाकातून ओवलेली दोरी. आठवीपासून हे काम आम्हा दोघांचं. मी बैलाची मुंडी धरतो, कमलेश वेसण घालते.

यंदा मी गेलो नाही. मधुकरराव गुरुजींले त्याच दिवशी चष्मा पाहिजे होता, म्हणून अर्धा दिवस दुकान उघडलं. कमलेशले फोनवर म्हणलं, "यंदा तूच धर अन् तूच घाल. लहान आहेस का आता?"

दहाच्या सुमारास त्याची गाडी दुकानापुढं थांबली. नाकाले दुपट्टा लावून होता. दुपट्टा लालभडक.

"काय झालं बे?"

"टिकल्यानं डोस्कं हाणलं." टिकल्या म्हणजे त्याचा उजवीकडचा बैल. "वेसण ओवली, गाठ मारून राहिलो होतो, त्यानं फाडकन मुंडी वर केली. तुले बोलावलं होतं ना मी."

मधुकरराव चष्म्यासाठी बसलेच होते. ते म्हणले, "याले पाह्य आधी. माहा चष्मा कुठं पळून नाही चालला."

मी त्याले स्टूलवर बसवलं. रक्त थांबत आलं होतं. चष्मा बसते तिथून बोट फिरवलं. हाड सरळ. कुठं खड्डा नाही, कटकट आवाज नाही. दोन्ही बाजू सारख्या.

"काही नाही झालं बे," मी म्हणलं. "हाड शाबूत आहे."

"पण खाली दुखून राहिलं ना."

"खाली हाडच नाही, तर तुटन काय?"

मधुकरराव हासले, मी हासलो, कमलेश बी हासायले गेला अन् "आई गं" करून बसला. हेच ते वाक्य. खाली हाडच नाही तर तुटन काय. दोनदा पुसलं ते याच वाक्यापाशी.

बाबूलालकाकांयचा फोन आला, एक्सरे काढा म्हणून. बाजूलेच एक्सरेवाला होता, शटर खाली घ्यायच्या बेतात. त्यानं काढून देल्ला, फिल्म उजेडात धरली अन् म्हणला, "हाड तुटल्याचं दिसत नाही. पण कान-नाक-घशाच्या डॉक्टरले दाखवून घ्या." मी पहिलंच ऐकलं. दुसरं कानावर पडलं, पण मी ऐकलं नाही.

"पाह्य, मी काय म्हणलं होतं?" कमलेशच्या पाठीवर थाप मारली अन् त्याले बरफ घेऊन देल्ला.

संध्याकाळी गावात तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या राहिल्या. ट्रॅक्टरवाले बी आले होते, हौस म्हणून. कमलेशचं नाक तोपर्यंत वांग्यासारखं झालं होतं. कोणी तरी ओरडलं, "बाबूलालभाऊ, यंदा वेसण नेमकी कोणाले घातली?" अन् निरा हासाच हासा. मधुकररावांयनं नव्या चष्म्यातून पाहून त्याच्यावर एक झडती जोडून म्हणली, पोळ्यात बैलांपुढं म्हणतात तसं यमकाचं गाणं. लोकांयनं हर हर महादेव केलं. कमलेश बी हासून राहिला होता, तोंड उघडं ठेवून. तोंड उघडं काहून आहे, हे मले तवाच दिसायले पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याले, त्याचा फोन.

"प्रफुल, नाकानं श्वासच नाही येऊन राहिला. दोन्हीकडून बंद."

"रक्त सुकलं असन. वाफ घे."

"वाफ घेतली. शिंकरलं बी. काहीच नाही निघत."

"सूज आहे बे. दोन दिवसात उतरन."

कुठून आणलं मी हे? कुठूनच नाही. नाकाचं समजते म्हणते ना लोक, मंग बोलायलेच पाहिजे काही तरी.

रविवारी सकाळी साडेआठले तो आमच्या घरी आला. आई तवाच कोणाचं तरी बाळ न्हाऊ घालून आली होती. माही आई, मंगलाबाई, धानाच्या रोवणीचे दिवस सोडले तर गावातल्या बाळंतिणींचं अन् बाळांचं करते. तेल लावणं, शेकणं, अन् तिच्या मते सगळ्यात मोठं काम म्हणजे नाक. बाळाचं नाक चाळीस दिवस चिमटीत धरून ओढायचं, म्हणजे ते धारदार होते. गावात कोणाचं नाक चांगलं दिसलं का ती म्हणते, "माह्या हातचं आहे." कमलेशचं नाक तर तिचं खास. लग्नात, पंगतीत, कुठंबी ती त्याले लोकांले दाखवते.

"काय रे कमलेश, असा काहून बोलून राहिला? मडक्यात तोंड घातल्यासारखा?"

"नाक बंद आहे मावशी. प्रफुल म्हणते सूज आहे."

"प्रफुलले काय समजते? इकडं ये."

मी म्हणलं, "आई, त्याचं नाक पिळू नको, तुले हात जोडतो."

"गप बस तू."

तिनं हात धुतले अन् एका बोटानं नाकाचा शेंडा उलीसा दाबला. सोडला. परत दाबला. तिचं तोंडच बदललं.

"हे असं नव्हतं," ती म्हणली. "शेंडा दाबला का रबरासारखा परत येते. याचा नाही येऊन राहिला. आत काही भरलं आहे. टॉर्च लाव."

मी मोबाईलचा टॉर्च लावला. कमलेशनं मान मागं केली. मी आत पाहिलं. सुकलेलं रक्त वगैरे काही नव्हतं. मधातली भिंतच दोन्हीकडून फुगली होती, पिकल्या जांभळासारखी लाल-काळी, अन् दोन्ही नाकपुड्या तिनंच बुजवल्या होत्या.

"शिंकरून कसं निघन बे ते," मी म्हणलं.

मंग जे पहिल्या दिवशी करायले पाहिजे होतं ते केलं. मोबाईलवर वाचलं. हायवेवरून येजा करणाऱ्या एका नर्सचा चष्मा मी नेहमी नीट करून देतो, रत्नमालाताई, भंडाऱ्याले कान-नाक-घशाच्या दवाखान्यात काम करते. वाचता वाचताच तिले फोन लावला.

"जय भीम ताई. नाकाले मार लागला, मधातली भिंत दोन्हीकडून फुगली आहे."

"कधी लागला?"

"परवा. सकाळी दहाले."

ती म्हणली, "प्रफुल, आज रविवार आहे, पण डॉक्टर मॅडम घरीच आहे, मी बोलते. तू आत्ताच निघ. खायले-प्यायले काही देऊ नको. अन् हात लावू नका कोणी."

"काय होते ताई? उशीर झाला का?"

"आणा आधी."

गाडीवर तिघं निघालो. आईले थांब म्हणलं तर ती मागं बसूनच गेली होती. कमलेश मधात. हायवेवर ट्रकांची रांग, दोन्हीकडं धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, अन् मी मनात तास मोजून राहिलो होतो. शुक्रवारचे दहा ते शनिवारचे दहा, चोवीस. शनिवारचे दहा ते आता साडेनऊ. अठ्ठेचाळीसले अर्धा तास कमी. जे वाचलं होतं त्यात लिहिलं होतं का तीन दिवस झाले म्हणजे आतली भिंत विरघळते अन् नाक मधातून बसून जाते. जन्मभरासाठी. आईनं ज्या नाकाची पंगतीत फुशारकी मारली ते नाक बसून जाईन, अन् कोणी विचारलं का कसं बसलं, तर उत्तर एकच. प्रफुल म्हणला काही नाही झालं.

मी गाडी चालवता चालवताच बोललो, "कमल्या, माही चूक झाली बे."

"काय?" हवेत ऐकू नाही आलं त्याले.

"माही चूक झाली!"

"मंग आता रस्त्याकडं पाह्य! दुसरी नको करू!"

मागून आई म्हणली, "दोघं बी गप बसा."

मॅडम पन्नाशीच्या असतील. घरच्या साडीवरच दवाखान्यात आल्या होत्या. डोक्याले दिवा लावून त्यांनी आत पाहिलं, कापसाच्या काडीनं ती फुगी दाबली, ताप मोजला. ताप नव्हता.

"रक्त साचलंय," त्या म्हणल्या. "दोन्ही बाजूंना. लगेच काढावं लागेल."

"एक्सरेत काही नव्हतं मॅडम," मी म्हणलं. का म्हणलं, माहीत नाही.

"एक्सरेत नसणारच." त्यांनी एका कागदावर नाक काढलं, बाजूनं दिसते तसं, अन् मधात आडवी रेघ मारली. "या रेघेच्या वर हाड. खाली जवळजवळ दोन तृतीयांश नाक कूर्चेचं. बोकडाच्या कानात कुरकुरीत लागतं ना, तसलं. ती एक्सरेत दिसत नाही. बाजूंना या पातळ पाकळ्यांसारख्या, शेंड्याला या दोन वळलेल्या, आणि मध्ये ही उभी भिंत. सगळं छप्पर खालच्या बाजूनं हिनंच तोलून धरलंय."

मी त्या रेघेकडं पाहत राहिलो. रेघ बरोबर तिथं होती जिथं चष्म्याचं पॅड संपते. माही हजार नाकं सप्पा रेघेच्या वरची.

"या भिंतीत स्वतःचं रक्त नसतं," मॅडम म्हणल्या. "दोन्ही बाजूंनी जो पातळ पडदा चिकटलेला असतो, तोच तिला जगवतो. मार लागला, मधे रक्त साचलं, पडदा सुटला, की भिंत उपाशी राहते."

कमलेश तशा नाकानंच बोलला, "मॅडम, म्हणजे बैलाले वेसण घालते तेच ना? मधातलं?"

"तीच भिंत. वेसण तिच्या पुढच्या मऊ भागातून जाते."

"मंग टिकल्यानं बरोबर हिशोब केला माहा," तो म्हणला. मॅडम हासल्या. मले हासू नाही आलं.

"आतलं रक्त काढल्यावरच कळेल भिंत कशी आहे ते," त्या म्हणल्या अन् त्याले घेऊन गेल्या.

बाहेर बाकड्यावर मी अन् आई. आईच्या हाताले अजून तिळाच्या तेलाचा वास होता. दवाखान्यातला पंखा, अन् आतून भांड्यांचा आवाज. मंग ती हळूच म्हणली, "मी पिळलं नाही प्रफुल. फक्त दाबून पाहिलं."

"माहीत आहे आई. तू दाबलं म्हणून तर इथं आलो."

"मॅडम ओरडन का?"

पंचवीस वर्षं लोकांची बाळं न्हाऊ घालणारी माही आई, अन् भिऊन राहिली होती. मी तिचा हात धरला. मले बी धरायले कोणी तरी पाहिजेच होतं.

पाऊण तासानं मॅडम बाहेर आल्या. हातमोजे काढता काढताच म्हणल्या, "सगळं रक्त निघालं. काळं झालं होतं, पण पू नाही. भिंत कडक आहे. शाबूत आहे."

मी बाकड्यावरून उठलो अन् परत बसलो. आई तिथंच रडायले लागली, आवाज न करता.

"उद्या-परवा आला असता तर मी असं सांगू शकले नसते," मॅडम म्हणल्या. "आता पडदा परत चिकटावा म्हणून दोन्हीकडं पट्टी भरलीय. औषध चुकवायचं नाही, मंगळवारी आणायचं. बरं, कुणाच्या लक्षात आलं हे?"

मी आईकडं बोट दाखवलं. आई उभी राहिली, शाळेत उभी करते तशी.

"शेंडा परत नाही आला मॅडम दाबल्यावर. याचं नाक माहं ओळखीचं आहे. मीच ओढून ओढून सरळ केलं आहे, चाळीस दिवस."

मॅडमनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या बोटानं आज याचं नाक वाचलं. पण एक सांगू? बाळाचं नाक ओढून सरळ होत नाही हो. उलट नाजूक असतं, ओढू नका."

"मंग याचं कोणं सरळ केलं?"

"त्याच्या आईबापानं."

आईचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. एवढं वाचवूनही हातचं नाक गेलं तिचं. येताना गाडीवर ती एकच बोलली, "बाबूलालचं नाक पाहिलं आहे का तिनं?" अन् कमलेश, दोन्ही नाकपुड्यात पट्ट्या, मधात बसून हूं हूं हूं करून हासून राहिला. डोळ्यातून पाणी. मी म्हणलं, "हासू नको बे, पट्टी निघन." पण मी बी हासून राहिलो होतो. लाखनीपर्यंत.

मंगळवारी पट्ट्या काढल्या. दवाखान्यातच त्यानं पहिला श्वास घेतला, लांब, डोळे मिटून. मंग डोळे उघडले अन् म्हणला, "मावशीच्या हाताले तेलाचा वास येऊन राहिला." आई तिकडं तोंड करून पदर सावरत बसली. तिनं ओढणं सोडलं का नाही, मले पक्कं माहीत नाही. परवा कोणाच्या तरी बाळाचं नाक ती नुसतीच पाहत होती, हात मागं घेऊन.

मॅडमनं काढलेला तो कागद मी मागून घेतला. दुकानात, आरशाच्या बाजूले लावला आहे. रेघेसकट. गिऱ्हाईक विचारते, हे काय आहे? मी सांगतो, या रेघेच्या वर मी, खाली डॉक्टर.

काल कमलेश आला, पावती उडवली, अन् स्टूलवर बसला. त्याच स्टूलवर.

"लिहिलं का ते?" त्यानं विचारलं.

"दोनदा पुसलं."

"काहून?"

"'खाली हाडच नाही' म्हणलं होतं ना मी. लोक हासन."

"मंग हासू दे. पोळ्यात माह्यावर हासले ना सप्पा? आता तुही पाळी. लिही अन् नाव घालून लिही. माहं बी, टिकल्याचं बी." मंग त्यानं स्टूल पुढं ओढलं. "पण एक सांग. पुढच्या पोळ्याले दुकान?"

"बंद."

"मधुकरराव आले तर?"

"गुरुजींनी आदल्या दिवशी यावं."

"टिकल्याची मुंडी कोण धरन?"

"मी."

"अन् तरी बी लागलंच कोणाच्या नाकाले? मले, तुले, रस्त्यावरच्या कोणाले बी?"

मी कागदावरच्या रेघेकडं पाहिलं.

"टॉर्च लावीन. अन् आत काही दिसो का न दिसो, शटर खाली घेईन अन् त्याच दिवशी मॅडमकडं घेऊन जाईन. 'काही नाही झालं' हे मी म्हणणार नाही कमल्या. मॅडम म्हणन तवाच."

त्यानं हात पुढं केला. मी त्याच्या हातावर हात मारला.

"पक्कं?"

"पक्कं."